जोतिबाच्या डोंगरामागं काहीही पडलं नाही

पहाटे चारच्या सुमारास आप्पांचा फोन आला, तेव्हा मला आधी वाटलं, गावाकडं कुणाचं तरी काहीतरी झालं. आप्पा म्हणजे माझे चुलते. भोगावतीच्या काठी त्यांचा दोन एकर ऊस आहे. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची होती, त्यामुळे ते मोटर चालू करून बांधावर बसले होते.

"झोपलायस काय? ऊठ. जोतिबाच्या डोंगरामागं आगीचा लोळ पडलाय. हिरवागार! सगळं रान दिवसागत उजाडलं. गाडी काढ, बघून येऊ."

मी त्यांना म्हणालो, "आप्पा, तिकडं काही पडलेलं नाही." ते चिडले. साहजिक आहे. साठ वर्षं ज्या डोंगराकडं बघत माणूस मोठा झाला, त्या डोंगरामागं डोळ्यादेखत काहीतरी पडलं आणि शहरात गादीवर लोळणारा पुतण्या म्हणतोय, पडलंच नाही.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. आप्पांनी जे पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं. फक्त ते डोंगरामागं नव्हतं. ते कुठं होतं, हे समजून घ्यायचं तर आधी ते काय होतं ते बघू.

आपण ज्याला तारा तुटला म्हणतो, त्यात तारा तुटत नाही हे बहुतेकांना शाळेत कळलेलं असतं. धूमकेतूंनी मागं टाकलेली धूळ आणि लघुग्रहांचे तुकडे सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला एखादा कण पृथ्वीच्या हवेत घुसला की क्षणभर प्रकाशाची रेघ उमटते, ती उल्का. नेहमीची उल्का वाळूच्या कणापासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या कणाची असते. कण मोठा असला, म्हणजे चिकूएवढा, नारळाएवढा, तर नुसती रेघ उमटत नाही, सगळं आकाश उजळतं. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणायचं, असा खगोल अभ्यासकांचा सर्वसाधारण संकेत आहे. आणि त्यातून काही वाचून जमिनीपर्यंत आलंच, तर त्या दगडाला अशनी म्हणतात. हे शब्द जुने आहेत. सहाव्या शतकात वराहमिहिरानं आकाशातून पडणाऱ्या गोष्टींचे पाच प्रकार केले, त्यांत उल्का आणि अशनी दोन्ही आहेत. पुण्याचं फळ भोगून झाल्यावर स्वर्गातून खाली पडणारे जीव म्हणजे उल्का, असं तो सांगतो. कल्पना सुंदर आहे, पण आप्पांच्या हिरव्या रंगाचा उलगडा तिनं होत नाही.

खरी गंमत वेगात आहे. दूरवरून पृथ्वीकडं नुसती ओढली गेलेली वस्तूसुद्धा हवेत शिरेपर्यंत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग घेते. त्याहून कमी वेग शक्यच नाही. वरची मर्यादा ७२. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं धावते, आणि सूर्यमालेतली वस्तू पृथ्वीच्या कक्षेपाशी जास्तीत जास्त ४२ किलोमीटरनं धावू शकते. दोघी समोरासमोर आल्या की बेरीज ७२. मधला कुठलातरी, म्हणजे सेकंदाला २० किलोमीटर असा वेग धरला तरी कोल्हापूर ते सांगली दोन-अडीच सेकंदांत. शिरोलीच्या पुलावर अडकायला वेळच नाही.

एवढ्या वेगात एक किलोच्या दगडात किती ऊर्जा असते? हिशेब शाळेतलाच आहे, वस्तुमानाची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं २० कोटी जूल. घरातला १४.२ किलोचा गॅस सिलिंडर पूर्ण जाळला तर साधारण ६५ कोटी जूल मिळतात. म्हणजे मुठीत मावणारा एक दगड, त्यात सिलिंडरच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याची आग, आणि ती आपल्या घरी पंधरा दिवस पुरते तशी नाही, दोन-तीन सेकंदांत संपते. रान दिवसागत उजाडलं यात आप्पांनी काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

इथं एक गैरसमज पाठ्यपुस्तकांनीच पसरवलाय, की हवेशी घर्षण होऊन उल्का पेटते. घर्षण असतं, पण मुख्य काम त्याचं नाही. सायकलला हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला चटका देण्याइतका तापतो ना? तिथंही थोडं घर्षण असतं, पण खरी उष्णता दाबल्या गेलेल्या हवेची. उल्केच्या पुढ्यातली हवा तसंच करते. तिला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती पुढच्या पुढं चेपली जाते आणि हजारो अंशांपर्यंत तापते. त्या तापलेल्या हवेनं दगडाचा पृष्ठभाग वितळतो, त्याची वाफ होते, आणि ती वाफ नि ती हवा दोन्ही चमकू लागतात. आपल्याला दिसतो तो बहुतांशी हा झगमगता वायू, दगड नव्हे. म्हणून तर चिकूएवढी वस्तू शंभर किलोमीटरवरून दिसते.

हे सगळं सुरू होतं जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरवर. त्या थराशी कोल्हापूरचं जरा नातं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार आहे, ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजण्यासाठी. विमान तिथवर पोहोचत नाही, फुगा पोहोचत नाही, आणि उपग्रहाला तिथं टिकता येत नाही, कारण हवा त्याला खाली ओढते. याच उंचीवर उल्का विरघळतात आणि आपला सोडियम, आपलं लोखंड तिथं ठेवून जातात. सुमारे ९० किलोमीटरवर पृथ्वीभोवती सोडियमचा एक विरळ थर कायमचा तरंगत असतो, तो उल्कांच्या राखेतून आलेला. जगातल्या मोठ्या दुर्बिणी पिवळा लेझर सोडून त्याच थरात खोटा तारा पेटवतात आणि त्याच्याकडं बघत, हवेमुळं थरथरणारी आपली दृष्टी नीट करून घेतात. विद्यापीठाच्या बाजूनं राजारामपुरीकडं जाताना हे आठवलं की मला उगाच बरं वाटतं.

आता हिरवा रंग. गॅसच्या ज्योतीवर मिठाचे कण पडले की ज्योत पिवळी होते, हे स्वयंपाकघरात कुणीही पाहिलेलं असतं. ते सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. अंतराळातल्या दगडांत मॅग्नेशियम भरपूर असतं, आणि त्याची वाफ हिरवा प्रकाश देते. निकेलही हिरव्यात भर घालतं. लोखंड पिवळसर, कॅल्शियम जांभळट. आप्पा नंतर म्हणाले की शेवटी शेवटी तो तांबडा झाला. मंद झालेल्या, विझत आलेल्या तुकड्यांचा रंग नारिंगी-तांबडा दिसतोच. शिवाय हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजनही तांबड्यात भर घालतात. फटाक्यातला हिरवा मात्र वेगळा, तो बेरियमचा.

आता मुख्य भांडणाकडं. जोतिबाच्या मागं का नाही?

अंधाऱ्या आकाशात एक प्रकाश आला आणि गेला, तर त्याचं अंतर सांगायला माणसाच्या डोळ्याकडं कुठलंच साधन नसतं. दोन डोळ्यांचा फरक काही मीटरपर्यंत कामाला येतो. पुढं आपण ओळखीच्या वस्तूच्या आकारावरून अंदाज बांधतो, ट्रक एवढा दिसतोय म्हणजे एवढ्या लांब. अग्निगोल किती मोठा असतो हे आपल्याला माहीतच नसतं. मग मेंदू जवळची सोय करतो. तो जिथं दिसेनासा झाला, तिथं खाली जो डोंगर, जे झाड, जी टाकी असेल, तिच्यामागं तो पडला असं ठरवून टाकतो. हा आप्पांचा दोष नाही. वैमानिकसुद्धा असे फसतात, आणि मी स्वतः एकदा रंकाळ्यावर उभा राहून शालिनी पॅलेसच्या मागं उल्का पडल्याचं छातीठोकपणे सांगितलेलं आहे.

मात्र अंतर सांगता येत नसलं तरी दिशा आणि उंचीचा कोन माणसाला उत्तम सांगता येतो. रविवारी मी गावाकडं गेलो. आप्पांना म्हटलं, त्या रात्री जिथं बसला होता तिथंच बसा, आणि हात लांब करून मूठ धरा. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते. जोतिबाच्या डोंगरावर किती मुठींवर तो विझला? आप्पांनी एक डोळा मिटला, मुठीवर मूठ ठेवली. "दीड... दोन म्हण. पर दोनपेक्षा कमीच."

म्हणजे १८ अंश धरू. त्यांच्या बांधावरून जोतिबा जवळपास सरळ उत्तरेला. अग्निगोल विझताना ४० किलोमीटर उंचीवर होता असं समजा, मोठ्या अग्निगोलाच्या बाबतीत हे वाजवी आहे. ४० किलोमीटर उंचीची वस्तू १८ अंशांवर दिसायची असेल तर ती सव्वाशे किलोमीटर लांब असावी लागते. बांधावरून उत्तरेला सव्वाशे किलोमीटर म्हणजे साताऱ्याचं आकाश. जोतिबाचा डोंगर त्या वाटेवर पाव अंतरावरसुद्धा नाही.

हे ऐकून आप्पा थोडे हिरमुसले. "म्हंजे साताऱ्याचं झालं म्हण की."

एका माणसाच्या सांगण्यावरून फार तर एवढंच, कारण ४० हा आकडा माझा अंदाज होता. पण समजा त्याच वेळी पुण्यात कुणी कात्रजच्या बाजूला, दक्षिणेकडं तो पाहिला आणि सोलापुरात कुणी पश्चिमेकडं, तर तिन्ही रेघा जिथं एकमेकींना छेदतात ती खरी जागा. मग उंचीसाठी अंदाज लागत नाही, ती आपोआप निघते, वेगही निघतो, आणि तो कुठल्या कक्षेतून आला तेही. म्हणून साक्षीदाराची किंमत फार. "लई मोठा होता" यातून काही निघत नाही. कुठं उभे होतात, कुठल्या खुणेवर सुरू झाला, कुठल्या खुणेवर विझला, किती मुठी, किती सेकंद, किती वाजता, एवढ्यातून सगळं निघतं. आप्पांना वेळ मिनिटासकट माहीत होती, कारण लाइट गेली की येते कधी याकडं त्यांचं घड्याळात लक्ष असतं. मला तर वाटतं, या जिल्ह्यात रात्रीच्या आकाशाचे सगळ्यात चांगले निरीक्षक दुर्बीणवाले नाहीत, उसाला पाणी पाजणारे आहेत.

आकाशातून दगड पडतात हे विद्वानांनी मान्य केलं तेसुद्धा अशाच लोकांमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातले शास्त्रज्ञ या गोष्टीला खेडुतांच्या बाता म्हणायचे. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनीनं १७९४ मध्ये जुन्या साक्षी गोळा करून दाखवलं की लोक एकमेकांना न भेटता तेच वर्णन करताहेत. १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी बनारसजवळच्या गावकऱ्यांनी आगीचा गोळा पाहिला आणि शेतातून दगड उचलले. ते इंग्लंडला गेले, आणि एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाला १८०२ मध्ये त्यांत आणि युरोपात पडलेल्या दगडांत सारखंच निकेल सापडलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेगल गावी दगडांचा पाऊस पडला. ज्याँ-बातिस्त बिओ तिथं जाऊन गावोगाव लोकांना विचारत फिरला, आणि त्याच्या अहवालानंतर वाद मिटला. एका बाजूनं दगड, दुसऱ्या बाजूनं साक्षी, दोन्ही एकच सांगत होते.

आप्पांची आणखी एक तक्रार होती. तो जाताना 'सुर्र' असा आवाज आला, अगदी त्याच क्षणी. हे जरा अवघड प्रकरण आहे. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, वर थंड हवेत आणखी कमी. सव्वाशे किलोमीटरवरून तो यायला सहा-सात मिनिटं लागतील. मग त्याच क्षणी कसा? पण जगभर शेकडो लोकांनी हेच सांगितलंय, त्यामुळे त्याला भास म्हणून सोडता येत नाही. एक अलीकडचं स्पष्टीकरण असं, की अग्निगोलाचा प्रकाश फार वेगानं कमीजास्त होत असतो. त्या प्रकाशानं पानं, केस, गडद कपडा यांचा पृष्ठभाग क्षणाक्षणाला किंचित तापतो आणि निवतो, त्याला चिकटलेली हवा हलते आणि बारीक सुरसुर ऐकू येते. यावर अजून एकमत नाही. पण उसाच्या पाल्यात बसलेल्या माणसाला ती ऐकू यावी हे मला पटण्यासारखं वाटतं.

उशिरानं येणारा आवाज मात्र गमतीचा नाही. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड ३० किलोमीटर उंचीवर फुटला. लखलखाट झाला, लोक बघायला खिडक्यांपाशी गेले. दोन-अडीच मिनिटांनी हवेचा धक्का पोहोचला आणि काचा फुटल्या. दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक काचांमुळे. एकालाही दगड लागून मरण आलं नाही. तेव्हा रात्री खोलीत कधी दिवस उजाडल्यासारखा प्रकाश पडला, तर बाहेर उघड्यावर बघा किंवा भिंतीआड बसा, पण काचेला नाक लावून उभं राहू नका. त्या दगडाची वाट पुढं कळली तीही लोकांच्या गाड्यांतल्या कॅमेऱ्यांवरून आणि चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सरकत्या सावल्यांवरून. आपल्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत आकाश दिसत नसलं तरी सावल्या दिसतात, हे लक्षात असू द्या. चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

सगळंच उल्का नसतं, हेही सांगायला हवं. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी जळत जाणाऱ्या रेघांची रांग पाहिली. फोनवर सगळीकडं उल्कावर्षाव म्हणून फिरलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठं धातूचं कडं पडलेलं मिळालं. तो चिनी रॉकेटचा भाग होता. ओळखायचं कसं? वेगावरून. पृथ्वीभोवती फिरणारा भंगार माल सेकंदाला आठ किलोमीटरहून हळू आणि जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे तो रमतगमत अर्धा-एक मिनिट आकाश ओलांडतो, एकमेकांना समांतर तुकडे घेऊन. उल्का अकराच्या खाली येऊच शकत नाही. तुम्हाला "अरे तिकडं बघ" म्हणून मोबाइल काढायला वेळ मिळाला असेल, तर ती बहुधा उल्का नव्हती.

बघायची इच्छा असेल तर मध्यरात्रीनंतर बघा. पावसात मोटरसायकल चालवताना छाती भिजते, पाठ कोरडी राहते. मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या छातीकडच्या, म्हणजे ती धावते त्या बाजूला आलेलो असतो. ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहाकडून येणाऱ्या उल्कांचं कौतुक जगभर असतं, पण तेव्हा गगनबावड्याला आकाश नावाची गोष्टच नसते. आपल्यासाठी १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्का. दिवाळीच्या आगेमागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला वृषभ राशीकडून येणाऱ्या उल्का संख्येनं थोड्या, पण संथ आणि त्यांत अग्निगोल बरेच. फटाक्यांच्या धुरात त्या वाया जातात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलात तर मिळतील.

राहिला प्रश्न दगडाचा. अग्निगोल जमिनीपर्यंत जळत येत नाही. वीस-तीस किलोमीटरवर वेग संपतो, उजेड विझतो, आणि उरलेला तुकडा काही मिनिटं काळोखात, हवेतून पडणाऱ्या कुठल्याही दगडासारखा खाली येतो. बाहेरचा वितळलेला थर वाटेतच उडून जातो, आतला भाग अंतराळातल्यासारखा गार असतो. म्हणून गंजी पेटली, खड्ड्यातून धूर निघत होता, या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. नागपूरजवळच्या काटोलला २२ मे २०१२ रोजी भर दुपारी दगड पडले, तेही साधे, हातात घेण्यासारखे. लोणारचं उदाहरण लोक लगेच देतात, पण १.८ किलोमीटरचा खड्डा पाडणाऱ्या दगडाला हवेनं अडवलंच नव्हतं. ती जातच वेगळी.

खऱ्या अशनीवर काळी, पातळ, अंड्याच्या टरफलासारखी साल असते, कधी ओल्या मातीत अंगठे दाबल्यासारखे खळगे असतात, आणि तो आकाराच्या मानानं जड लागतो. चुंबक बहुतेकांना चिकटतो, पण एवढ्यावर विसंबू नका. आपल्या काळ्या पाषाणातही थोडं चुंबकीय लोह असतं. आणि खरा अशनी सापडलाच तर तहसीलदारांना कळवा. भारतात तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडं जातो.

आप्पांनी मला न सांगता दोन दिवस रान पालथं घातलं होतं. निघताना त्यांनी गोणपाटात गुंडाळलेला एक काळा दगड काढला. जड होता, चुंबक चिकटत होता. मी तो उलटा केला. खालच्या बाजूला फुगे फुटल्यासारखी भोकं होती. अशनीत अशी भोकं जवळजवळ कधीच नसतात, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या स्लॅगमध्ये, म्हणजे धातू वितळवल्यावर उरणाऱ्या मळीत, हमखास असतात. शेताकडच्या वाटेवर कधीतरी भरावाला टाकलेलं होतं, त्यातलाच तुकडा. मी काही बोलायच्या आत आप्पांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

तो दगड आता मोटरच्या स्टार्टर पेटीवर असतो, वाऱ्यानं झाकण उघडू नये म्हणून.